रेकॉर्डसाठी एक टायर

वयाच्या बावन्नाव्या वर्षी आमच्या रेकॉर्डकीपरसाहेबांनी लाल रंगाची, उघड्या टपाची एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा बायकोने फक्त दोन प्रश्न विचारले.

"घरात माणसं किती?"

"चार."

"आणि गाडीत सीट किती?"

"दोन."

"छान! मी या गाडीत पाऊल ठेवणार नाही."

आठ महिने तिने खरंच ठेवलं नाही. (पाऊल ठेवणं साहेबांनाही सोपं नव्हतं म्हणा. आधी डोकं, मग एक पाय, मग 'आई गं!' आणि मग उरलेले साहेब, असा तो क्रम होता.) पण शेजारची रिकामी सीट बघून त्यांना फार वाईट वाटायचं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती एकदा म्हणाली होती, "अशी लाल गाडी एकदा तरी चालवायला मिळाली पाहिजे!" ती विसरून गेली. साहेबांनी मात्र डायरीत तारखेसह नोंद ठेवली होती. ऑफिसात सत्तावीस वर्षं दुसरं काय केलं होतं त्यांनी?

मग वार्षिक तपासणी आली. इन्स्पेक्टरने टायरवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "माझ्या डोक्यावर याहून जास्त केस आहेत." इन्स्पेक्टरच्या डोक्यावर एकही केस नव्हता. शनिवारपर्यंत नवे टायर टाकून आणा, नाहीतर गाडी रस्त्यावर दिसता कामा नये, असं त्याने बजावलं.

बायकोला आयती संधी मिळाली. "शनिवारी नापास झाली, तर गाडी त्या समोर राहणाऱ्या डॉक्टरांना द्यायची, दातांच्या. केव्हाचे मागे लागलेत ते."

"आणि पास झाली तर?"

"तर त्याच गाडीतून ताईकडे जायचं. भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोरून."

झालं! साहेब पेटून उठले. त्यांनी टायरांचा तक्ता केला. पकड, आवाज, ओला रस्ता, झीज असे सात रकाने, खाली तळटीपा आणि तळटीपांना पुन्हा टीपा. जेवताना त्यांनी विचारलं, "अगं, पकड चांगली हवी की आवाज कमी हवा?"

"आवाज कमी," बायको म्हणाली. (ती टायरबद्दल बोलत नव्हती.)

शनिवारी सकाळी साहेब तक्ता आणि गाडीची पुस्तिका बगलेत मारून टायरवाल्याकडे हजर झाले. सगळे त्याला उस्ताद म्हणत. तीस वर्षं त्याने टायरांखेरीज काही पाहिलं नव्हतं.

"टायर म्हणजे टायर, साहेब. चारही एका मापाचे टाकून देतो."

"पुढचे अरुंद, मागचे रुंद. पुस्तिका, पान एकशे बारा."

"कोण वाचतं हो ते?"

"मी!"

उस्तादाने कपाळावर हात मारला आणि तक्त्यातले टायर काढले. तासाभरात चारही चाकं बसली. "घ्या, झालं तुमचं काम."

पण साहेब कुठले हलतात! पुसट शिक्के वाचायचं ऑफिसातलं भिंग त्यांनी खिशातून काढलं आणि चक्क जमिनीवर लोटांगण घातलं. दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसू लागली. एकाने विचारलं, "काका, काही हरवलंय का?"

"उस्ताद," गाडीखालून आवाज आला, "टायरच्या अंगावर बाण आहे. गाडी पुढे जाताना चाक बाणाच्या दिशेने फिरायला हवं. मागचे दोन्ही बाण उलटे आहेत. डावा उजवीकडे बसलाय, उजवा डावीकडे."

"तीस वर्षांत माझा..." म्हणत उस्ताद वाकला. मग त्याने भिंग मागून घेतलं. मग त्याने जॅक ओढला. हसणारेही बाण बघायला वाकले.

दहा मिनिटांत चाकांची अदलाबदल झाली. उस्तादाने स्वतःची खुर्ची पुसून साहेबांना बसवलं, चहा पाजला आणि गिऱ्हाइकांना म्हणाला, "बघून घ्या. वाचणारा माणूस असा असतो." सत्तावीस वर्षांत साहेबांना असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांना गहिवरूनच आलं.

त्या भरात त्यांनी जुना एक टायर मागून घेतला. "रेकॉर्डसाठी," ते म्हणाले. बदललेल्या वस्तूचा एक नमुना जपून ठेवायचा, हा ऑफिसचा शिरस्ताच होता. डिकीत टायर मावेना, तेव्हा त्यांनी तो शेजारच्या सीटवर बसवला आणि घरंगळू नये म्हणून बेल्टही लावला.

तपासणीत गाडी एका झटक्यात पास झाली! साहेब हॉर्न वाजवत गल्लीत शिरले. दातांचे डॉक्टर गॅलरीत आले आणि त्यांचं तोंड त्यांच्याच पेशंटसारखं उघडं राहिलं. "पास!" साहेब ओरडले. बायको नवा गॉगल लावून, तयार होऊन खाली आली. काय दिसत होती! साहेबांची छाती स्टिअरिंगला टेकली.

तिने दार उघडलं. आत टायर बेल्ट लावून ऐटीत बसला होता.

"हे कोण?"

"अगं, ते रेकॉर्ड... थांब, काढतो, एक मिनिट..." बेल्ट अडकला होता. साहेबांनी ओढला, आणखी अडकला. टायर काही जागचा हलेना.

"राहू दे," बायको म्हणाली. "छान बसलाय तो. तुम्ही उतरा."

"मी?"

"मला चालवायची होती ना? तुमच्या डायरीत तारखेसह वाचलंय मी." साहेबांना गाडी शिकवली होती तीही तिनेच, आणि तरीसुद्धा ते लायसन्सच्या परीक्षेत तिसऱ्या खेपेला पास झाले होते. ते निमूटपणे उतरले: आधी एक पाय, मग 'आई गं!', मग उरलेले साहेब.

नवे टायर रस्त्याला असे चिकटले की काय सांगू! लाल गाडी एका झोकात वळली, बायको मोठ्याने हसली, आणि शेजारी तो टकला टायर वारा खात ताईकडे निघून गेला. चारही बाण अगदी बरोबर फिरत होते. रस्त्यात उभ्या साहेबांनी ते नीट बघून घेतलं आणि त्यांना फार अभिमान वाटला.

"अहो, तुम्ही नाही गेलात?" डॉक्टरांनी वरून विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. "दोनच सीट आहेत."