डिस्पॅरेज आणि गाजरगवत

इंग्रजी शब्दाचं मूळ काढण्यात हसनाबादच्या आसपास माझा हात धरणारा कुणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जाडजूड डिक्शनरी माझ्याकडेच आहे, आणि मी ती नुसती ठेवत नाही, वाचतो. त्यामुळे भाचीच्या, बेबीनंदाच्या, सोयरिकीच्या बैठकीत कोण बोलणार हा प्रश्नच नव्हता. भावजी वारल्यापासून आक्काच्या घरात कर्ता पुरुष म्हणून मीच.

पाहुणे पिंपळगाव रेणुकाईहून आले होते. मुलगा देवानंद एसटीत कंडक्टर. त्याचे वडील तातेराव. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, पण पोराची शाळा सोडू दिली नाही. बेबीनंदाला मुलगा मनापासून पसंत होता. दुसरं कुणी नको, असं तिनं आईला सांगून टाकलं होतं आणि सकाळपासून अंगणात दोनदा सडा टाकला होता.

आता आमच्याकडच्या बैठकीची एक रीत आहे. नापसंती कुणी तोंडावर सांगत नाही. ‘एका गावात असं झालं’ म्हणून गोष्ट सांगतात, आणि ऐकणाऱ्यानं ती समजून घ्यायची. मुलाचं वय जास्त वाटलं तर म्हाताऱ्या बैलाची गोष्ट निघते. मग पाहुणे चहा संपवतात, टोपी घालतात आणि येतो म्हणतात. हे मला पुरतं ठाऊक होतं. पण विद्येच्या भरात भान राहत नाही.

बोलणं छान चाललं होतं. देवानंदनं सहज सांगितलं की परवा गाडीत एक साहेब सुट्ट्या पैशांवरून चिडला आणि ‘डोन्ट डिस्पॅरेज मी’ म्हणाला. त्याचा अर्थ काय, असं त्यानं मला अदबीनं विचारलं.

अर्थ सोपा आहे, मी म्हणालो. कमी लेखणं, हलकं ठरवणं. इथं थांबलो असतो तर सगळ्यांचं तोंड गोड झालं असतं. पण शब्दाचं मूळ न सांगता गप्प बसणं मला अर्धपोटी उठल्यासारखं वाटतं. म्हणून सांगितलं, की हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला आहे आणि मुळात तो लग्नाचा आहे. आपल्यापेक्षा खालच्या घरात सोयरीक करणं, हा त्याचा पहिला अर्थ. समजा, सरदाराची मुलगी कुण्या चाकरमान्याच्या घरी दिली. त्या काळी ती एवढी नामुष्की वाटायची की पुढे कुणालाही कमी लेखण्याला तोच शब्द लागू झाला.

तातेरावांनी कपबशी खाली ठेवली. सगळे विद्वत्तेनं थक्क झालेत असं वाटून मी आणखी भर घातली. पालकानं मुलीचं असं लग्न लावू नये, असा इंग्लंडात कायदाच होता!

तातेरावांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली.

“मास्तर,” ते हळू आवाजात म्हणाले, “बाबासाहेबांनी आपल्याला एका रांगेत बसवलं. मंग ही उतरंड तुमी कुठून आणली?”

उतरंड फ्रान्समधून आली आहे, असं मी समजावून सांगितलं. त्यानं काही सुधारलं नाही. ही गोष्ट नाही, व्युत्पत्ती आहे, असंही सांगितलं. तोवर देवानंद खाली मान घालून चपला शोधू लागला होता. दाराआडून हुंदका ऐकू आला. पोरीचं ठरत आलेलं लग्न माझ्या तोंडानं मोडलं होतं. फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आक्का बाहेर आली. बैठकीत बायका बोलत नाहीत. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्याजवळच खाली बसली.

“एका गावात एक बाई होती,” ती म्हणाली. “भावाला शिकवाया तिनं लोकायच्या रानात निंदलं, खुरपलं. भाऊ लई शिकला. यवढा शिकला, की कोथमीर आणाया धाडला तर तसंच दिसणारं गाजरगवत घेऊन आला. बाईनं त्याला हाकललं न्हाई. भाऊ हाये, कुठं टाकावा?”

तातेराव तिच्याकडं वळले. त्यांना गोष्ट समजली होती.

“मंग त्या बाईनं भाजीत काय टाकलं?”

“काहीच न्हाई. बिनकोथमिरीचं जेवले सगळे. एका रांगेत बसून.”

तातेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“त्या बाईच्या घरची पोर आमाला बिलकुल मंजूर,” ते म्हणाले. “भावाला तेवढं बाजाराला धाडू नका.”

लग्न वैशाखात झालं. भाजीपाल्याचं काम मला कुणी सांगितलं नाही. आजही पिंपळगावला गेलो की तातेराव ‘जय भीम’ करतात आणि आधी माझ्या पिशवीत डोकावतात.

निंदणी-खुरपणीचं आक्का बोलली ते खरं आहे. माझी डिक्शनरीसुद्धा त्याच मजुरीतून आली. गाजरगवताचं मात्र साफ खोटं. ती कोथिंबीरच होती. जरा जून होती, एवढंच.