दगडी पलंगावरची जेसी

ऑर्कनेच्या त्या बेटावर थोराबाईंना पिवळ्या रेनकोटाशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. पण आज एडिनबराहून साहेब यायचे होते, म्हणून त्यांनी चर्चला जायचा निळा कोट चढवला आणि तिथेच सगळं फिसकटलं.

किनाऱ्यावरच्या वाळूतून पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी घरं वर आली, ती त्यांच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून कुंपणाच्या फाटकाची किल्ली त्यांच्याच घरी. आता वरून पत्र आलं होतं : पाहणीत ढिलाई दिसली, तर किल्ली कचेरीत जमा. थोराबाई सकाळपासून झाडत होत्या. झाडण्याच्या नादात फाटक उघडं राहिलं आणि वाऱ्याला कंटाळलेली जेसी मेंढी आत शिरून एका बिनछपराच्या घरातल्या दगडी पलंगावर आडवी झाली.

जेसीला त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. पण तिच्या लेखी आई म्हणजे पिवळा रंग. निळ्या कोटाकडे तिने दारात आलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

"ऊठ गं माझे जेसी, किती गं निजसी, पाहुणा आला वेशी..."

जेसी रवंथ करत राहिली.

"थोरावहिनी, अंगाई म्हणून उठवताय होय?" कुंपणाबाहेरून होडीवाला एर्लंड हसला.

"मग तू ये आणि उचल!"

"नको बाई, कंबर एकच आहे मला. आणि साहेबांना उतरवून आलोय मी. ते बघा, आलेच."

साहेब आले. अंगात कोरा करकरीत पिवळा रेनकोट. जेसीचे कान टवकारले. टुणकन उडी मारून ती त्यांच्या गुडघ्याला बिलगली.

"ही मेंढी कुणाची?"

थोराबाईंनी दोघांकडे पाहिलं. "दिसतंय तर तुमचीच, साहेब."

साहेब हसले नाहीत. "किल्ली द्या."

तीन पिढ्यांची ती लोखंडी किल्ली रेनकोटाच्या खिशात गेली. थोराबाईंना आपला हात एकदम पोरका वाटला.

मग साहेब घरोघर हिंडले, मागोमाग जेसी. ते टिपण लिहायला बसले, तर हिने मांडीवर डोकं टेकलं. ते होडीत चढले, तर हीही चढली. उतरवली, तर दुसऱ्या बाजूने पुन्हा आत.

"ओहोटी लागली साहेब," एर्लंड म्हणाला. "मेंढी तरी न्या, नाहीतर मुक्काम करा. पलंग रिकामाच आहे."

"अहो, पण हिला हवंय तरी काय?"

"तुमचा कोट," थोराबाई हळूच म्हणाल्या.

साहेबांनी चडफडत रेनकोट उतरवला आणि त्यांच्याकडे फेकला. थोराबाईंनी तो अंगात घातला मात्र, जेसी टुणकन धक्क्यावर! एर्लंडने लगेच होडी हाकारली.

होडी बरीच आत गेली, तेव्हा कुडकुडणाऱ्या साहेबांचा हात सवयीने खिशाकडे गेला. तिथे नुसता स्वेटर होता.

"अहो बाई! किल्लीऽऽ!"

थोराबाईंनी खिशातल्या खिशात किल्ली घट्ट धरली आणि दुसरा हात छान हलवला.

"वारा फार आहे हो, साहेब! काही ऐकूच येत नाही!"

मग जेसीला म्हणाल्या, "चल गं बाई. फाटक लावायचं राहिलंय."