रत्नप्रभाच्या बाजूचा आर्म

"चार बोल्ट सोडायचे, जुना आर्म काढायचा, नवा घालायचा, चार बोल्ट आवळायचे. त्याला काय इंजिनिअर लागतो?"

मुलुंडच्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून सीताराम धुरीनं असं जाहीर केलं, तेव्हा त्याच्या हातातला पाना उलटा होता. जन्मभर औषधांच्या कंपनीत पॅकिंग खात्यात काढलेला माणूस तो. खोक्याला चिकटपट्टी मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण गाडीखाली तो आजवर वाकला होता तो फक्त पडलेली किल्ली उचलायला.

गाडीचं दुखणं साधं होतं. मागचं चाक धरून ठेवणारा जो लोखंडी दांडा असतो, ज्याला गॅरेजवाले आर्म म्हणतात, त्याच्या टोकाचं रबर डाव्या बाजूला फाटलं होतं. स्पीडब्रेकर आला की मागून ‘खट्’ असा आवाज यायचा. तो आवाज गेली काही वर्षं येत होता आणि त्याच्या पाठोपाठ मागच्या सीटवरून सीतारामच्या बायकोचा, रत्नप्रभाचा आवाज यायचा, "अवो, हळू हाका." पुढे बसलं की तिला समोरचा प्रत्येक ट्रक अंगावर येतोय असं वाटायचं, म्हणून तिची जागा मागे, डावीकडे. गाडीत काही बिघाड आहे हे तिनं शेवटपर्यंत मान्य केलं नाही. गाडी चांगली आहे, रस्ते वाईट आहेत, असं तिचं मत. आणि मुलगी दीप्ती दर वेळी हसून म्हणायची, "आई, हाका काय? गाडी आहे, बैल नाही."

रत्नप्रभाला जाऊन येत्या आठवड्यात वर्ष होत होतं. वर्षश्राद्ध गावी, मालवणला करायचं होतं. आजारपणात सीतारामनं तिला शब्द दिला होता, की बरी झालीस की आपल्याच गाडीनं घरी जाऊ. ती बरी झाली नाही. पण शब्द होताच, आणि निदान तिच्या वर्षश्राद्धाला तरी ही गाडी अंगणात उभी राहिली पाहिजे असं त्यानं मनाशी धरलं होतं. गॅरेजवाल्यानं गाडीखाली न बघताच सांगितलं, "काका, आता हिच्यात काही राहिलं नाही." असलं वाक्य सीतारामनं वर्षापूर्वी एका डॉक्टरच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हा तो गप्प राहिला होता. या वेळी त्यानं किल्ली हिसकावून घेतली आणि घरी आला.

दीप्तीनं मुदत घालून दिली. "बाबा, रविवारपर्यंत आवाज गेला तर गाडीनं जाऊ. नाही गेला तर ट्रेननं जायचं, आणि आल्यावर गाडी विकायची. घाटात मला जीव मुठीत धरून बसायचं नाही."

मदतीला वरच्या मजल्यावरचा अंबादास आला. जालन्याहून मुंबईत येऊन टपाल खात्यात निवृत्त झालेला, सीतारामचा रोजच्या चहाचा दोस्त. त्याचं यंत्रज्ञान म्हणजे मोबाइलवर पाहिलेला एक व्हिडिओ.

"झकास समजावलंय रे त्यानं," अंबादास म्हणाला. "मी दोनदा बघितला. दुप्पट स्पीडवर."

जॅक लावला, चाक काढलं, गाडीखाली मजबूत स्टँड दिले. सीताराम उताणा होऊन, डोकं इंजिनच्या बाजूला करून आत सरकला आणि म्हणाला, "अंबादास, उजव्या बाजूचा आर्म आण." अंबादास रिक्षा करून घाटकोपरला गेला आणि उजव्या बाजूचा आर्म घेऊन आला. तो काही केल्या बसेना. मग अंबादासनं वाकून पाहिलं आणि विचारलं, "सीताराम, तुझी उजवी बाजू, का गाडीची?" मग अंबादास पुन्हा घाटकोपरला गेला.

तोवर इकडे एक बोल्ट गंजून असा बसला होता, की जणू त्याच्याच नावावर फ्लॅट होता. तेल घातलं, ठोकलं, शिव्या दिल्या. हलायला तयार नाही. तेव्हा सीतारामला आठवलं, की देवाची काळवंडलेली पितळी समई रत्नप्रभा कोकमाच्या आगळानं, म्हणजे आंबट अर्कानं, लख्ख करायची. फ्रीजमध्ये तिनं आजारी पडण्याआधीच्या मे महिन्यात स्वतः काढलेल्या आगळाची शेवटची बाटली होती. ती त्यानं वर्षभर उघडली नव्हती. सोलकढी करावी असं वाटायचं, आणि मग ती संपेल म्हणून वाटायचं की नको.

तो बाटली घेऊन आला. बराच वेळ हातात धरून बसला. "तुझ्याच बाजूचा बोल्ट आहे," असं काहीतरी पुटपुटला, गाडीखाली सरकला आणि बोल्टवर ओतलं. निम्मं बोल्टवर, निम्मं कपाळावर आणि बनियनवर.

नेमका त्याच वेळी सोसायटीचा सेक्रेटरी देवव्रत खाली उतरला. पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई आहे हे सांगायला तो निघाला होता. त्याला दिसलं ते असं: एका चाकाची गैरहजेरी, गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय, आणि लाद्यांवरून गटाराकडे निघालेला लालभडक ओघळ.

देवव्रत मोठ्यानं ओरडला आणि तिथेच मटकन बसला. वॉचमननं अँब्युलन्सला फोन लावला. दीप्ती तिसऱ्या मजल्यावरून अनवाणी धावत आली. तिनं "बाबा" अशी जी हाक मारली, ती ऐकून सीताराम इतक्या घाईनं उठायला गेला की त्याचं डोकं खालून गाडीला आपटलं. तो बाहेर आला तेव्हा नखशिखान्त आंबट होता.

"आगळ आहे गं," तो म्हणाला.

दीप्तीनं जवळजवळ रिकामी झालेली बाटली पाहिली. "आईचं?"

"तळाला थोडं उरलंय."

ती त्याच्या शेजारी लादीवर बसली आणि ओढणीनं त्याचं कपाळ पुसत राहिली. आपल्याला आता कुणी उरलं नाही असं तेवढ्या तीन जिन्यांत तिला वाटून गेलं होतं. अँब्युलन्सवाल्यांची समजूत देवव्रतनं घातली, कारण त्यांनी आधी त्यालाच स्ट्रेचरवर घ्यायला सुरुवात केली होती.

बोल्ट मात्र सुटला. अंबादास म्हणाला हातोड्यानं सुटला. सीताराम म्हणाला आगळानं.

नवा आर्म बसला, बोल्ट जीव खाऊन आवळले, गाडी खाली उतरवली. आणि डावी बाजू मागून उंचच राहिली. गेटपर्यंत एक चक्कर मारली तर ‘खट्’ गेलं होतं, पण त्याच्या जागी दरवाजा किरकिरावा तसा आवाज आला होता. सीतारामचा चेहरा उतरला. दीप्तीनं अंबादासकडून मोबाइल घेतला, तो व्हिडिओ लावला आणि शेवटपर्यंत पाहिला.

"काका, हे ऐकलंत? बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. गाडी चाकांवर उभी करा, नेहमी असतं तेवढं वजन आत ठेवा, आणि मगच आवळा. नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं."

"हे कुठे होतं?"

"सबस्क्राइब करा म्हणाला त्याच्यानंतर."

"वाट लागली," अंबादास म्हणाला. "तिथे मी बंद करतो रे नेहमी."

पुन्हा सगळं आलं. सार्वजनिक गणपतीच्या मंचाच्या जाड फळ्या मागच्या चाकांखाली घातल्या, बोल्ट सैल केले. आता वजन ठेवायचं.

"नेहमी मागे डावीकडे कोण बसतं?" अंबादासनं सहज विचारलं, आणि विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं.

दीप्तीनंच हळूच विचारलं, "आईचं वजन किती होतं, बाबा?"

सीतारामला दोन वजनं ठाऊक होती. एक तिचं चांगल्या दिवसांतलं, जे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि त्यानं एकदा चोरून काट्यावर पाहिलं होतं. दुसरं हॉस्पिटलमधलं, जे दर खेपेला घटत गेलं आणि जे नर्स मोठ्यानं वाचायची. त्या दुसऱ्या वजनाला मागच्या सीटवरून उचलून आणताना त्याला दमसुद्धा लागला नव्हता, आणि त्याचंच त्याला सगळ्यात जास्त रडू आलं होतं.

"आधीचं धरायचं," तो म्हणाला. "चांगलं होतं तेव्हाचं."

तिघांनी आपापल्या अंगाकडे पाहिलं. मग तिघांनी देवव्रतकडे पाहिलं.

"मी?" देवव्रत म्हणाला. "मी काय रत्नप्रभावहिनींएवढा आहे?"

"थोडे कमी पडाल," दीप्ती म्हणाली. "मांडीवर दोन नारळ देते."

सेक्रेटरी मांडीवर नारळ घेऊन मागे डावीकडे बसला. जरा वेळ फुरंगटून होता, मग म्हणाला, "वहिनी दर वर्षी मला आगळाची बाटली द्यायच्या. यंदा आली नाही तेव्हा खरं वाटलं मला."

गाडीखाली सीतारामनं ते ऐकलं. त्याच्या डोळ्यांसमोर आर्म हळूहळू खाली आला आणि सरळ झाला. ती बसायची तेव्हा तो असाच बसत असणार, इतकी वर्षं, रोज, आणि आपण तो एकदाही पाहिला नाही. त्यानं पाना लावला आणि बोल्ट आवळले. आवळून झाले तरी तो बाहेर येईना.

"झालं का रे?" अंबादासनं विचारलं.

"थांब जरा."

"माझे पाय झोपले," देवव्रत वरून म्हणाला.

"बसा हो थोडं," सीताराम म्हणाला. त्याचा आवाज ऐकून कुणी पुन्हा विचारलं नाही. देवव्रतसुद्धा नारळ पोटाशी धरून गुपचूप बसून राहिला.

निघायच्या दिवशी सीतारामनं वाण्याकडून तांदळाची गोणी आणली आणि मागे डावीकडे ठेवली.

"बाबा, लोक गावाहून तांदूळ मुंबईला आणतात. आपण मुंबईहून कोकणात नेतोय?"

"बोल्ट वजनावर आवळलेत. जागा रिकामी ठेवून चालणार नाही."

तसं काही नसतं, हे अंबादासनं दीप्तीला जिन्यात सांगितलं होतं. तिनं मान डोलावली आणि गोणीला सीटबेल्ट लावला.

गेटबाहेरचा पहिला स्पीडब्रेकर आला. सीतारामनं सवयीनं गाडी मुंगीच्या चालीनं नेली. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. काहीच आवाज झाला नाही. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते जमलं होतं, आणि त्याला अजिबात आवडलं नाही. त्या ‘खट्’नंतर कुणीतरी बोलायचं. आता ‘खट्’ही नव्हतं आणि बोलणारंही नव्हतं. मागे फक्त गोणी होती, आणि ती बेल्टमधून निसटून कलंडली होती.

"थांबवा, मी मागे बसते," दीप्ती म्हणाली. ती उतरून मागे गेली, गोणी सरळ केली आणि तिच्यावर हात टाकून बसली. गाडी सुरू झाली. सीताराम आरशात पाहायचं टाळत होता.

"बाबा," थोड्या वेळानं मागून आवाज आला, "हळू हाका."

सीतारामनं ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी दुसऱ्या गिअरवर आणली. मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. पुढे स्पीडब्रेकर नव्हताच.