टेकडीचे बूट

रविवारी सकाळी कॉलनीमागची टेकडी वडनेऱ्यांच्या फाटकापाशी आली आणि बूट घ्यायला बरोबर चला म्हणून तिने मोरेश्वररावांना गळ घातली.

मोरेश्वर वडनेरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. रविवारी दाढीसुद्धा करत नसत. पेपर खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "मीच कशाला?"

"बिल करताना मोबाइल नंबर विचारतात," टेकडी म्हणाली. "माझ्याकडे नाही."

"कॉलनीत सगळ्यांकडे मोबाइल आहेत."

"आहेत, पण ते सगळे रोज माझ्यावर येतात. ओळखीच्या माणसापुढे पाय काढून दाखवायचा म्हणजे संकोच वाटतो. तुम्ही एकदाही आला नाहीत. तुमच्यापुढे काही वाटणार नाही."

यात खोटं काही नव्हतं. त्यांची बायको उज्ज्वला रोज उजाडता टेकडी चढून यायची. सुरुवातीला तीही चला चला म्हणायची, मग तिने नाद सोडला. उंच जागी जाऊन परत खालीच यायचं, तर जायचं कशाला, असा मोरेश्वररावांचा सरळ हिशेब होता.

"अहो, दारापर्यंत आली आहे बिचारी," उज्ज्वलाताई आतून म्हणाल्या. "जाऊन या ना."

दुकान हायवेवर होतं. मैदानी खेळांचं आणि गिर्यारोहणाचं सगळं सामान एका छपराखाली. राहतं घर असलेल्या माणसांना तिथे तंबू विकतात, हे ऐकल्यापासून मोरेश्वररावांचा त्या दुकानावर राग होता. ते स्कूटरवर हळूहळू पुढे निघाले आणि टेकडी सर्व्हिस रोडने मागून आली. डांबर तापलं होतं. ती अनवाणी होती.

दाराशी सिक्युरिटीवाल्याने अडवलं. "बकऱ्या आत नेता येणार नाहीत."

टेकडीवर तेव्हा दोन बकऱ्या चरत होत्या. त्या सायकल स्टँडपाशी बांधल्या. दार अरुंद पडत होतं म्हणून माल उतरवायचं शटर वर करून दिलं गेलं. बॅडमिंटनच्या रॅकेटींमधून टेकडी झुडपं आवरून, अंग चोरून गेली. एका रॅकेटलाही धक्का लागला नाही. मोरेश्वरराव मात्र पोहण्याच्या चष्म्यांच्या स्टँडवर आदळले आणि त्यामुळे आणखीच वैतागले.

बुटांच्या विभागात ऋतुजा निकम नावाची मुलगी होती. "बोला मॅडम, कुठे जायचंय?"

"कळसूबाईला."

"आधी कुठे ट्रेक केलाय?"

"नाही. माझ्यावरच करतात." टेकडी जरा थांबली. "वर येऊन बसले की लोक कळसूबाईचंच बोलतात. तिथला वारा, तिथल्या लोखंडी शिड्या. आयुष्यभर ऐकतेय. कधी कशावर चढले नाही हो मी."

ऋतुजाने मान हलवली. गुडघ्यावर बसून तिने टेकडीच्या पायथ्याला पट्टी लावली. "पाय पसरट आहे. उतरताना बोटं पुढे लागतात, म्हणून एक नंबर मोठा देते." दुकानातल्या दोन पोरांनी मिळून गोदामातून खोका आणला.

चढून बघायला तिथे लाकडाचा एक उतार केलेला होता, त्यावर खोटे दगड बसवलेले. नाड्या बांधून झाल्यावर टेकडी त्याच्यापाशी गेली. एक पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग सावकाश वर गेली आणि उभी राहिली.

"इथून पंखे किती जवळ दिसतात," ती म्हणाली.

तिचा आवाज बदलला होता. मोरेश्वरराव बुटांच्या तळव्यांकडे बघत राहिले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"अहो, टेकडीच्या जागेवर दोन माणसं आलीत," उज्ज्वलाताई धापा टाकत होत्या. "टेप लावून मोजतायत. म्हणतात, मोकळी जागा आहे, प्लॉट पाडायला बरी. मी किती सांगितलं, ती दुकानात गेलीय म्हणून, ऐकतच नाहीत!"

टेकडीने ते ऐकलं. ती उतारावरून खाली आली. बाकावर बसून नाड्या सोडायला लागली. अंगावरून थोडी माती घरंगळली, ती ऋतुजाने हाताने गोळा करून परत दिली.

"परत घ्या हे," टेकडी म्हणाली. "जागा सोडून जाणं आमच्यासारख्यांना परवडत नाही. चला वडनेरे, उगाच तुमचा रविवार घालवला."

मोरेश्वरराव तिच्याकडे बघत होते. सकाळपासून घरी जाऊन आडवं व्हायचं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आता ती स्वतःच घरी चला म्हणत होती, तर त्यांचा पाय निघेना.

"बूट काढू नका," ते म्हणाले. "तुम्ही जाऊन या. मी थांबतो तुमच्या जागी."

"तुम्ही? जमेल तुम्हाला?"

"करायचं काय असतं?"

"हलायचं नाही. कुणी आलं तर येऊ द्यायचं."

"सरकारी नोकरीत दुसरं काय केलं मी?"

टेकडी त्यांच्याकडे निरखून बघत राहिली. मग तिने नाड्या पुन्हा बांधल्या. काउंटरवर मोरेश्वररावांनी नंबर सांगितला. खोका हवा का, असं विचारल्यावर टेकडी म्हणाली, "नको, घालूनच जाते." शटरमधून ती बाहेर पडली आणि कळसूबाईच्या वाटेवरच्या घोटीच्या दिशेने चालायला लागली. बकऱ्या तिच्यामागे जायला धडपडत होत्या. मोरेश्वररावांनी त्यांना स्कूटरवर पुढे घेतलं.

ते पोचले तेव्हा टेपवाले खुंट्या ठोकत होते. मोरेश्वररावांनी चपला काढल्या, धोतराचा सोगा सावरला आणि ते मधोमध जाऊन बसले. बकऱ्या लगेच त्यांच्या अंगावर चढल्या.

टेपवाल्यांतला एक पुढे आला. "काका, इथे काय आहे?"

"टेकडी."

त्याने नकाशा पाहिला. नकाशात टेकडीच होती. "जरा बसकी वाटतेय."

"आहे ती अशी आहे."

दोघांनी आपसात काहीतरी बोलून खुंट्या उपटल्या आणि ते निघून गेले. जिथे टेकडी आहे तिथे प्लॉट पडत नाहीत.

सोमवारी उजाडता कॉलनीतली मंडळी आली. थोडा वेळ वाट शोधली आणि चढायला लागली. बँकेतले शहाणेसाहेब पाठीवरून गेले, कुलकर्णी मास्तरांनी नेहमीसारखा अर्ध्यावर दम खाल्ला. चढ आता सोपा झालाय, असं सगळ्यांचं मत पडलं. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावाकडून दूध घेऊन येणारा माणूस म्हणाला की एक टेकडी शिड्यांपाशी रांगेत उभी दिसली, उतरणाऱ्यांना आधी वाट देत होती.

उज्ज्वलाताई सगळ्यांत शेवटी आल्या. गवतातून दोन्ही हातांनी साडी वर धरून त्या मोरेश्वररावांसमोर उभ्या राहिल्या. कुठून चढावं ते त्यांना समजेना.

"अहो, पाय कुठे ठेवू?"

मोरेश्वररावांनी डावा खांदा जरासा खाली केला, आणि उज्ज्वलाताई वर गेल्या.