पास्कूभाऊंची राहिलेली मूठ

पास्कूभाऊ गाडीत कोबीला सीट-बेल्ट लावतात. मागच्या सीटवर गड्डा ठेवायचा, पट्टा ओढायचा आणि खट् वाजलं की म्हणायचं, “चेक केलेलं बरं.” ब्रेक मारला की कोबी गडगडतो म्हणे. पिशवीत ठेवा म्हटलं, तर म्हणतात पिशवीही गडगडते.

ते मूळचे वसईचे. इथे परदेशात, टार्निटला, आमच्या शेजारी एकटेच राहतात. मी लेकाकडे सहा महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. लॉकडाऊनमध्ये रोज सकाळी ते कुंपणावरून विचारायचे, “बाय, ताप? खोकला? वास येतो ना?”

एकदा मी म्हटलं, “तुमच्या खताचा येतो.”

खूश होऊन गेले.

त्यातच वसईला त्यांची मोठी बहीण, त्यांची मोठीबाय, वारली. आई गेल्यावर तिनेच यांना वाढवलेलं. जाणं शक्य नव्हतं, दफन फोनवर पाहिलं. त्यांच्यात घरातला प्रत्येक जण खड्ड्यात मूठभर माती टाकतो. भाचा म्हणाला, “मामा, तुमची मी टाकतो,” आणि फोन कट झाला.

“दुसऱ्याच्या हाताने कशी चालेल? माझी मूठ राहिली,” एवढंच म्हणाले आणि कोबीला पाणी घालायला गेले.

तेव्हापासून माती तपासत हिंडायचे. टार्निटची पसंत नव्हती. “ही बागेसाठी पिशवीतून विकत आणलेली, बाय. मोठीबायला विकतची टाकू?”

लॉकडाऊन उठला तेव्हा माझी नात अन्वी त्यांना म्हणाली, फिलिप आयलंड ज्वालामुखीतून झालंय.

“म्हणजे माती जुनी असणार. चेक केलेलं बरं.”

शनिवारी सकाळी निघालो. तीन मास्क आणि एक कोबी. अडीच तासांत पास्कूभाऊंनी एकही गाडी ओव्हरटेक केली नाही. बेटावर नेणाऱ्या पुलाजवळ चहाला थांबलो, तर एक मासे धरणारा गाडीत डोकावून म्हणाला, “मेट, बेबी किती महिन्यांची?”

“चौथा लागला,” पास्कूभाऊ गंभीरपणे म्हणाले आणि पट्टा सोडून त्याला कोबी देऊन टाकला. रिकाम्या हाताने ते कुठे जात नाहीत.

बेटावर पोचल्यावर प्रत्येक खडकाला हात लावून बघायला लागले. “गार आहे.”

“अंकल, मिलियन्स ऑफ इयर्स झालीत!” अन्वी ओरडली.

“चेक केलेलं बरं.”

मीही एक खडक पाहिला. काळा, बारीक भोकांचा. “हा तर आपल्या पाट्या-वरवंट्याचा दगड.”

पास्कूभाऊ थांबले. “आमच्या किल्ल्याचा पण.” मग वाकून खडकाखालची मूठभर माती घेतली आणि कड्याच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले.

पुढे समुद्र आणि त्यापलीकडे काहीच नाही. न बोलणं मला जमत नाही. “भाऊ, वसई इकडे नाही. मागे राहिली.”

“पाणी वळून जाईल, बाय. त्याला कुठे बॉर्डर बंद?”

मूठ उघडली. वाऱ्याने निम्मी माती माझ्याच मास्कवर आणून टाकली. अन्वी हसली. पास्कूभाऊ मात्र रिकामा तळवा बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी काही चेक केलं नाही.

घरी येईपर्यंत मी मास्क झटकला नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, गाडीच्या काचा बंद होत्या, म्हणून.