नऊ एमएमचा कॅल्क्युलस

सिद्धीला कॅल्क्युलसच्या चाचणीत पन्नासपैकी नऊ मार्क पडले आणि ते तिनं घरात कुणालाही सांगितलं नाही. सांगायची सोयच नव्हती. मंचरच्या बाजारपेठेत त्यांचं बटाटा बियाण्याचं दुकान होतं. घर जैनांचं, तिथं बटाटा शिजत नसे, पण तीन पिढ्या त्याच्याच बियाण्यावर जगल्या होत्या. तिच्या वडिलांचं, हितेशचं, म्हणणं होतं की पोरीनं बी.कॉम. करावं आणि दुपारी दुकानात बसावं. दादाजी मोहनलालशेठ मध्ये पडले म्हणून तिला सायन्स मिळालं, तेही एका अटीवर: एका जरी विषयात नापास झाली तर कॉलेज बंद. पहिलं सेमिस्टर कसंबसं निघालं. दुसऱ्याला कॅल्क्युलस आला आणि सिद्धीचं डोकं चालायचं थांबलं.

तिनं गच्चीवर जाऊन अलिझाला फोन लावला. अलिझा जुन्नरहून रोज एसटीनं येणारी तिची मैत्रीण. तिला अकरा मार्क होते, त्यामुळे मन मोकळं करायला ती हक्काची.

"अगं, माझा कॅल्क्युलस अडकलाय. निघायचं नावच घेत नाही. घरी कळलं तर मेलेच मी."

टाकीच्या पलीकडं तिच्या दादी प्यारीबाई पापड वाळत घालत होत्या. प्यारीबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण कॅल्क्युलस हा शब्द मात्र पाठ होता. दिवाळीत मोहनलालशेठना मुतखडा झाला, तेव्हा सोनोग्राफीच्या रिपोर्टात हाच शब्द होता. डॉक्टरांनी तो शेठना वाचून दाखवला आणि शेठनी पुढं महिनाभर येईल त्या गिऱ्हाइकाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धीसमोर एक वाफाळता पेला आला.

"हे काय, दादी?"

"कुळथाचं कढण. पी गुमान. मला समदं कळलंय."

सिद्धीनं पेला खाली ठेवला. "काय कळलंय?"

"तुझा कॅल्क्युलस अडकलाय ते. कधीपासनं?"

"जानेवारीपासून," सिद्धी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"आन् आता सांगती व्हय! येवढं अंगावर काढत्यात का? किती हाय?"

"नऊ."

"नऊ!" प्यारीबाईंनी पदर तोंडाला लावला. "आगं बया! ह्यांचा सात एमएम व्हता तर हे जमिनीवर लोळत व्हते!"

मग कुठं सिद्धीच्या डोक्यात प्रकाश पडला. खरं सांगायला तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढ्यात प्यारीबाई म्हणाल्या, "आजपासनं दुकानात काम करायचं न्हाई, भांड्याला हात लावायचा न्हाई." सिद्धीनं विचार केला, तोंड उघडलंच आहे तर कढण पिऊन टाकावं.

दोन दिवस फार सुखात गेले. हितेशसुद्धा आवाज न चढवता बोलत होता. तिसऱ्या दिवशी मोहनलालशेठनी दुकानातून तिच्या सरांना फोन लावला. शेठचा फोन कायम स्पीकरवर असे. एकट्यानं ऐकलेलं त्यांना ऐकल्यासारखं वाटत नसे. हितेश काट्यापाशी उभा होता आणि सिद्धी मागं पोत्याला टेकून विश्रांती घेत होती.

"सर, आमच्या सिद्धीला कॅल्क्युलसचा लई तरास हाय."

"माहितीये, शेठ," प्राध्यापक दादाभाऊ थोरातांनी उसासा सोडला. "तिला एकटीलाच नाही. वर्गात त्रेपन्न मुलं आहेत. बेचाळीस जणांना आहे."

शेठ गादीवरून उठले. "बेचाळीस?"

"दरवर्षीचंच आहे. दुसऱ्या सेमिस्टरला हमखास."

"मंग तुमी करता तरी काय?"

"मी सांगतो, रोज थोडं थोडं घ्या. ऐकत नाहीत. मग परीक्षा आली की सगळं एकदम घ्यायला जातात. पचणार कसं?"

"आन् तुमाला सोताला?"

"मला?" सरांचा आवाज मऊ झाला. "मला अठ्ठावीस वर्षं झाली. खरं सांगू का शेठ? मला आवडतो तो."

शेठनी हळूच फोन ठेवला. "हितेश, मास्तर कामातनं गेलाय. कॉलेजच्या पाण्यात दोष हाय."

"दादाजी, ऐका ना..." सिद्धी कशीबशी म्हणाली.

"तू बोलू नको. दुखंल."

बोलावं असं तिला फार वाटत होतं. पण हितेश काट्यापाशीच उभा होता, आणि नऊ एमएमवर हळहळणारा बाप नऊ मार्कांवर हळहळणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. ती गप्प बसली. हीच चूक झाली, कारण मोहनलालशेठ गप्प बसणाऱ्यातले नव्हते.

सोमवारी ती कॉलेजपाशी आली, तर रस्त्यापलीकडं मांडव पडला होता. आळेफाट्याहून मुतखड्याचे डॉक्टर आले होते. शुद्ध पाण्याचे जार रांगेनं मांडले होते. मांडवावर भलामोठा फ्लेक्स होता आणि त्यावर फेटा बांधलेले दादाजी हात जोडून हसत होते. खाली लिहिलं होतं: 'चला, कॅल्क्युलसमुक्त कॉलेज घडवूया! बेचाळीस लेकरांचे हाल थांबलेच पाहिजेत!'

पोरं फ्लेक्स वाचत होती आणि वेडी होत होती.

"राव, शेठ म्हंजे आपला माणूस!"

"येवढी वर्षं कुटं व्हता, शेठ?"

बघता बघता तीनशे पोरं जमली. "हटाव, हटाव, कॅल्क्युलस हटाव!" अशा घोषणा सुरू झाल्या. कुणीतरी शेठना खांद्यावर घेतलं. तरुण पिढीला तब्येतीची येवढी कळकळ असेल असं शेठना कधी वाटलं नव्हतं. वरूनच त्यांनी डोळे पुसले.

त्याच वेळी थोरात सरांची स्कूटर आली. सरांनी फ्लेक्स वाचला, घोषणा ऐकल्या आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"शेठ, माझ्या विषयानं तुमचं काय घोडं मारलं हो?"

"विषय?" शेठ खांद्यावरून खाली उतरले. "कसला विषय?"

सरांनी पिशवीतून पुस्तक काढून पुढं धरलं. डॉक्टरांनी चष्मा लावून कव्हरवरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि आपली बॅग बंद केली. शेठनी पुस्तकाकडं पाहिलं, डॉक्टरांकडं पाहिलं, मग नातीकडं.

"नऊ एमएम?"

"नऊ मार्क, दादाजी," सिद्धी जमिनीकडं बघत म्हणाली. "पन्नासपैकी."

"बाबूजी," माईक धरून उभा असलेला हितेश लगेच पुढं आला, "आपलं ठरलं व्हतं."

"फेरपरीक्षा कधी हाय?" शेठनी सरांना विचारलं.

"दहा दिवसांनी."

"मंग दहा दिवस काय ठरल्यालं न्हाई." शेठनी हितेशच्या हातातला माईक घेतला. मांडव पडला होता, तीनशे लोक जमले होते आणि फ्लेक्सवर फेटा बांधलेला होता. चाळीस वर्षं धंद्यात काढलेला माणूस अशा वेळी माघार घेत नाही.

"पोरांनो, कॅल्क्युलस मुळापासनं काढायचा का न्हाई?"

"काढायचा!" सगळा रस्ता दणाणला.

"मंग उद्यापासनं रोज सकाळी सहा वाजता, आठ दिवस, माझ्या गोडाऊनमदी यायचं. थोरात सर शिकवतील. नाष्टा माझा. बेचाळीसच्या बेचाळीस नावं सरांकडं हायेत. दाराशी आमची मंडळी बसंल. मधनं उठायचं काम न्हाई."

घोषणा जागच्या जागी विझल्या. एक्केचाळीस जणांनी सिद्धीकडं पाहिलं. त्यात अलिझाही होती, आणि जुन्नरहून सहाला पोचायला तिला किती वाजता उठावं लागणार ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

पळून जायची सोय नव्हती. प्यारीबाई दारात पाट टाकून बसल्या. लघवीला जातो म्हणणाऱ्याकडं त्या अशा काळजीनं बघत, की तो परत आत जाऊन बसे. सर बियाण्याच्या थप्पीला फळा टेकवून इंटिग्रेशन शिकवत. पहिले दोन दिवस पोरांनी नुसता नाष्टा केला. तिसऱ्या दिवसापासून करमणुकीचं दुसरं साधन नसल्यामुळं ती ऐकू लागली. पाचव्या दिवशी सिद्धीचं एक उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी जुळलं. तिनं ते तीनदा पडताळून पाहिलं. मग उगाचच दुसरं गणित घेतलं, कुणीही न सांगता.

फेरपरीक्षेत तिला सत्तावीस पडले. बेचाळीसपैकी छत्तीस सुटले. हितेशनं निकाल दोनदा वाचला आणि काट्याकडं गेला.

मोहनलालशेठनी गोडाऊनमध्येच सरांचा सत्कार ठेवला. शाल अंगावर पडल्यावर सर बोलायला उभे राहिले.

"अठ्ठावीस वर्षांत माझ्या तासाला कुणी असं बसलं नव्हतं," ते म्हणाले. "कंटाळून मी गेल्या महिन्यात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला होता."

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट केला.

"तो मी आज सकाळी मागं घेतला. पुढचं सेमिस्टरही मीच घेणार. आणि मुलांनो, तुमचं हे प्रेम बघून ठरवलंय, सकाळी सहाचा तास आता कायम."

टाळ्या थांबल्या. एकटे मोहनलालशेठ वाजवत राहिले. वाजवता वाजवता त्यांनी मान वळवून नातीकडं पाहिलं. सिद्धीनं एकदा वर्गाकडं पाहिलं, एकदा दादाजींकडं, आणि एक्केचाळीस जणांच्या देखत ती जोरजोरात टाळ्या वाजवू लागली.