अप्पांचं नाक

अप्पा ताटावर बसले की आधी घास घेत नाहीत, वास घेतात. वाटी नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. "नमुना पास." नाहीतर "नमुना नापास." नापास वाटी दोन बोटांनी लांब ढकलतात, जणू ती चावणार आहे. मग मी ती उचलायची आणि दुसरं काहीतरी करून आणायचं.

मी ज्या घरी स्वयंपाकाला राहते, त्या महेशदादांचे हे वडील. नाशिकला ते अन्नातली भेसळ पकडणाऱ्या सरकारी खात्यात होते. रिटायर झाले, पाठोपाठ बायको गेली, म्हणून दादांनी त्यांना इथे दोह्याला आणलं. नोकरी सुटली, पण नाक सुटलं नाही. अल मुंतझातल्या आमच्या इमारतीत लिफ्ट वर जाताना ते एकेक मजला वाचून दाखवतात. "दुसऱ्यावर लसूण. तिसऱ्यावर अंडी. चौथ्यावर जुनं तेल पुन्हा तापवलंय." चौथ्यावर राहणाऱ्या बाई कधीकधी लिफ्टमध्येच उभ्या असतात. अप्पांना त्याचं काही वाटत नाही.

मी वेंगुर्ल्याकडची. इथे आले तेव्हा आईने सुके बोंबील बांधून दिले होते. एकात एक अशा चार पिशव्या, वरून जुनं लुगडं गुंडाळलेलं. बॅग अजून दारातच होती, तर आतल्या खोलीतून अप्पा ओरडले, "मासळी!"

वहिनी म्हणाल्या, "राहू द्या ना अप्पा. बाल्कनीत ठेवेल ती."

"खलास!" अप्पा म्हणाले. कतारला येऊन ते 'बस, संपलं' अशा अर्थाचा हा एवढा एकच अरबी शब्द शिकले आहेत, आणि तो त्यांना भलताच आवडला आहे. आईची पुरचुंडी मी खाली रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. वर आल्यावर अप्पांनी मला लिंबाने हात धुवायला लावले. दोनदा.

शुक्रवारी इथे सुट्टी, दुपारी सगळे बाहेर जेवायला जातात, मलाही नेतात. पण अप्पांना घेऊन हॉटेलात जाणं म्हणजे धाड घालायला जाणं. एका ठिकाणी त्यांनी वेटरकडून तव्याचा पूर्वेतिहास काढून घेतला. दुसरीकडे पनीर नापास केलं आणि मॅनेजरला बोलावून दूध कुठल्या गायीचं ते विचारलं. नात रिया तेरा वर्षांची. कानात ती गाणी ऐकायची पांढरी बोंडं घालून मान फिरवून बसायची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. "सो एम्बॅरसिंग," म्हणायची. पुढे पुढे दादा जेवण घरीच मागवायला लागले. जो तो आपापला डबा घेऊन आपापल्या खोलीत. अप्पा टेबलावर एकटे बसून डबा हुंगायचे.

मग रियानेच ते जपानी हॉटेल शोधून काढलं. मॉलमध्ये आहे, बाहेरपर्यंत रांग असते. ट्रे घेऊन पुढे सरकत जायचं. समोर एक माणूस कणकेचा भलामोठा गोळा लाटतो, घड्या घालतो आणि सुरीने कापतो. त्या पांढऱ्या, करंगळीएवढ्या जाड शेवया म्हणजे उदोन. त्या उकडून वाडग्यात घालतात आणि वर गरम सार ओततात. शेवटी कांद्याची पात आणि तळणीतला कुरकुरीत चुरा हवा तेवढा घ्यायचा. अप्पा तो चुरा मिसळीवर फरसाण घालावं तसा घालतात. वाडगा दिसेनासा झाला तरी हात थांबत नाही. मागची रांग "यल्ला, यल्ला" करत राहते.

पहिल्या दिवशी अप्पांनी काउंटरवरच्या मुलीला दरडावून विचारलं, "नो मीट? नो एग?" ती म्हणाली, "नो सर, बट द सूप..." तेवढ्यात अप्पा "खलास, खलास" म्हणत पुढे सरकले.

तिचं वाक्य माझ्यापुरतं त्या वाडग्याच्या वाफेनेच पुरं केलं. सुका बांगडा विस्तवावर धरल्यावर येतो, तोच वास. तुकडा कुठे दिसत नव्हता, पण सार मासळीचंच होतं. मी चौथीपर्यंतच शिकले, पण हा धडा मला कोणी शिकवायला नको.

मी श्वास रोखून अप्पांकडे बघितलं. आता वाडगा ढकलणार, आता मॅनेजर येणार. अप्पांनी वाडगा नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ मिटूनच ठेवले.

"नमुना पास," ते म्हणाले.

हसू दाबता दाबता मला घाम फुटला. भिंतीपलीकडचे, चार पिशव्यांतले बोंबील पकडणारं ते नाक! नाकाखाली मासळी आली आणि ते झोपलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी तिथेच. उदोन सुर्रकन आवाज करत ओढायचे, जपानी लोकांत तीच रीत आहे म्हणे. जेवताना कोणाचा चमचा वाजला तरी कपाळाला आठ्या घालणारे अप्पा आता रियाशी पैज लावतात, शेवई न तोडता कोण आधी संपवतो. "नो बाइटिंग, अप्पा! चीटिंग!" ती ओरडते. बोंडं टेबलावर पडलेली असतात. अप्पांच्या मिशीवरून सार ठिबकत असतं. आमच्या इमारतीतल्या शाकाहारी जोडप्याने एकदा लिफ्टमध्ये या हॉटेलाचं नाव विचारलं, तर म्हणाले, "काही दम नाही हो. नुसती रांग." मला वाटलं, काय हा आपमतलबीपणा!

मला चार माणसांत तोंड उघडायला जमत नाही. म्हणून अप्पांना सुनवायचं एक वाक्य मी रोज मनात घोकत होते. एका शुक्रवारी सकाळी मी कणीक मळत असताना अप्पा आले आणि म्हणाले, "हात दाखव." हुंगले. "अजून वास आहे." मासळीला हात लावून मला दोन वर्षं झाली होती.

त्या दुपारी बाकीचे रांगेत होते. मी आणि अप्पा टेबल धरून बसलो होतो.

"अप्पा," मी म्हणाले, "इथलं सार सुक्या मासळीचं असतं. नमुना नापास."

अप्पांनी घाईघाईने रांगेकडे बघितलं. "हळू बोल, सुमन. रिया ऐकेल."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"मला काय दुधखुळा समजतेस? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग खाता कसं?"

"श्वास रोखून. आणि शनिवारी उपास करतो. तुला वाटलं असेल, मारुतीचा." ते चॉपस्टिकचा कागद बोटाला गुंडाळत बसले. "घरी ती दार लावून जेवते. मी येऊन तीन वर्षं झाली. इथेच काय ते 'अप्पा' म्हणून हाक मारते." मग नापास झालेल्या पोरासारखा आवाज काढून म्हणाले, "महेशला सांगू नकोस. त्याला कळलं तर इथे येणं बंद करेल. माझ्या भल्यासाठीच करेल."

"नाही सांगत," मी म्हणाले. पण राहवलं नाही. "आणि माझे बोंबील?"

"ते वेगळं," अप्पा म्हणाले. माणूस काही सुधारत नाही.

रिया ट्रे घेऊन आली. "रेडी, अप्पा? वन, टू, थ्री!" अप्पांनी छाती भरून श्वास घेतला आणि शेवई ओढली. अर्ध्यावर त्यांना जोरात ठसका लागला. रिया उठली, त्यांच्या मागे जाऊन पाठ चोळायला लागली. "अप्पा, ब्रीद! आर यू ओके?"

ठसका लगेच गेला होता. मी समोरच बसले होते, मला दिसत होतं. अप्पा तरीही खोकत राहिले.